सतरावं कार्ड

जांभळी नाक्याच्या रद्दीत
सतरा पोस्टकार्डं सापडली.
कुणा व्हिटलॉक मास्टरची, सन १९१३ पासूनची,
खारकर आळीच्या दिगंबर गुप्त्यांना.

प्रत्येकावर एक चाल, खाली एखादी ओळ:
स्पर्धेत पाचवा आलो. खोकला आहे.
शिकवण्या धरल्यात, भाडं निघतं.
तुमच्याकडे प्यादं सुरुवातीला एकच घर चालतं म्हणे?

गुप्त्यांची उत्तरं तिकडेच राहिली.
त्यांच्या चाली मी अंदाजाने बसवतो,
मासुंद्याच्या कट्ट्यावर,
चुंबकाच्या पटावर. दोनदा चुकलो.

सतराव्यावर उंट सरकवलाय फक्त,
अक्षर उजवीकडे कललेलं.
खाली: घाई नको.

आता काळ्याची पाळी.
घोडा सुटतोय, दिसतंय मला.
पण हात लावला
की खेळावंच लागतं.