सात इंच

सीताबर्डीच्या मोटवानीने काचेवर चार मांडले.
सात इंची, नऊ इंची, एक पडदा फिरणारा,
एक गुलाबी, पोरीबाळींसाठी.
बॅटरी किती चालते, मी विचारलं.
"ढाई घंटे, आरामसे," म्हणाला
आणि तोंड कूलरकडे फिरवलं.
मेचा दुसरा आठवडा. बाहेर डांबर
चपलेला धरून ठेवत होतं.

नऊ इंचीचं चित्र चांगलं होतं,
पण बटणं तांदळाच्या दाण्याएवढी,
आणि डोमाजीमामाची बोटं आता थरथरतात.
सात इंचीची बटणं मोठी,
दाबली की टक् वाजणारी.
साडेचार हजाराचे एक्केचाळीसशे केले.
उरलेल्यात एक इअरफोन
आणि पेज गाळायची गाळणी.

धर्मशाळेत बारा खाटा, प्लग एक.
सकाळी बालाघाटच्या फुलवंताबाईचा मोबाइल,
दुपारी छिंदवाड्याच्या मास्तरचा पाणी तापवायचा रॉड,
रात्री अकरानंतर आमचा नंबर.
कॅलेंडरच्या पाठीमागे मी लिहून ठेवलेलं:
शेक तेहतीस. झाले एकोणीस.

डीव्हीडी घरूनच आणलेली, एकच.
मंडईच्या रात्री, धान निघालेल्या बांधीत,
वडशाच्या फोटोग्राफरने काढलेलं तीन अंकी नाटक.
मामा त्यात खलनायक.
वीस वर्षं मामा खलनायकच.
त्याचं हसणं ऐकायला लोक
चार गावं ओलांडून बैलगाडीने यायचे,
आणि पोरं आईच्या पदरात शिरायची.

आता त्याच गळ्यातून
पेजही थांबून थांबून उतरते.
बोलायचं तर पाटी.
पहिल्या दिवशी लिहिलं : मोठा कर.
मी प्लेअर जवळ सरकवला.
त्याने मान हलवली,
बोट आवाजाच्या बटणावर नेऊन ठेवलं.

एक वायर, दोन टोकं,
डावं त्याच्या कानात, उजवं माझ्या.
पडद्यावर शेंदरी फेटा, काजळाच्या मिशा,
खाटेवर टक्कल आणि मानेवर जांभळ्या रेघा.
दोघांचे ओठ बरोबर हलायचे.
एक अक्षर मागेपुढे नाही.

मध्येच कॅमेरा लोकांवर फिरायचा,
तिथे तो टक् करून थांबवायचा.
पाटीवर नावं : बुधाजी. सखुबाईचा लंगडा.
हा मेला. हा पुण्यात कंपनीत.
हा पैसे न देता बसला होता.

एका रात्री फुलवंताबाई म्हणाली,
"हमको भी सुनाव ना भैया."
मी वायर काढली.
बारा खाटा वळल्या. मामा हसला पडद्यावर,
आणि ते हसणं त्या इवल्या स्पीकरातून
डब्यात खडे हलवल्यासारखं बाहेर आलं.
मास्तरचा नातू घाबरला नाही.
खो खो हसला.
मामाला राग आला. लिहिलं :
मंडपात ये म्हणा याला.

अडीच तास कुठले?
एक तास पन्नास मिनिटांत बॅटरी बसायची,
तिसऱ्या अंकात, जेव्हा नायक तलवार उपसतो
आणि मामा शेवटचं हसायला छाती भरून घेतो.
पडदा काळा. त्यात आम्ही दोघं,
वायरीने बांधलेले.

शनिवारी शेक नसतो. मी प्लेअर पिशवीत घालून
बर्डीवर गेलो, भांडायच्या तयारीने.
मोटवानी मात्र भांडलाच नाही.
"वॉरंटी में है. बॅटरी बदल देता हूँ, पूरी पिक्चर चलेगी."
नवी बॅटरी त्याने काचेवर ठेवली सुद्धा.
मी तिच्याकडे पाहिलं.
म्हटलं, राहू द्या.

त्या रात्री पुन्हा तिथेच पडदा गेला.
मी काही बोललो नाही.
मामाने अंधारात पाटी ओढली,
खडूचा आवाज आला बराच वेळ.
मोबाइलच्या उजेडात वाचलं :
बदलू नको. पुढचं मले पाठ हाये.

मग ओल्या फडक्याने पुसून
पाटी त्याने उशाखाली सरकवली.
अकरा वाजून गेले होते.
मी चार्जर घेऊन प्लगापाशी गेलो.