रकाना सातवा

वाशीच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
दर सहा महिन्यांनी आम्ही येतो.
फॉर्म तोच. वजन, उंची, डोक्याचा घेर,
आणि सातव्या रकान्यात
मी खुर्चीत बसण्याआधीच कुणीतरी भरून ठेवलेलं:
गर्भात असताना संसर्गाचा संपर्क – होय.

होय.
बत्तिसावा आठवडा होता.
तुर्भ्याच्या मार्केटातून नवऱ्यानं
कांद्याच्या गोण्यांबरोबर ताप आणला, असं घरात म्हणतात.
मी कधी म्हटलं नाही.
तो बिचारा मोरीत आंघोळ केल्याशिवाय
माझ्या सावलीतही यायचा नाही.

आधी वास गेला.
सुकट भाजत होती सासू, घर धुरानं भरलेलं,
आणि मी विचारलं, आज जेवायला काय?
तिनं तवा तसाच खाली उतरवला.

मग तो मोठा हॉल,
जिथे पूर्वी सोफे नि मिक्सर विकायला मांडायचे,
तिथे खाटा, खाटांना नंबर.
माझा चारशे अकरा.
पोटावर हात ठेवून लाथा मोजायची.
दहा झाल्या की झोपायची परवानगी मी मलाच देई.
एका रात्री नऊवर थांबल्या.
दहावी पहाटे आली,
सफाईवाल्या मावशींची बादली वाजली तेव्हा.
मी रडले, तर त्यांना वाटलं बादलीचंच काहीतरी लागलं मला.

तीर्था चार आठवडे आधी आली.
दोन किलो शंभर.
तिचा नमुना दोनदा निगेटिव्ह,
तरी अकरा दिवस काचेपलीकडे.
तिनं जगातली पहिली माणसं पाहिली
ती फक्त भुवयांपासून नाकाच्या वरपर्यंत.
अजूनही बोलताना ती ओठांकडे बघत नाही कुणाच्या,
डोळ्यांत बघते, सरळ, माणूस चुळबुळेपर्यंत.
हे कुठल्या रकान्यात येतं
मी विचारलेलं नाही.

बोलली उशिरा. वीस महिन्यांनी, पहिला शब्द "नको."
सासू म्हणाली, "हिचा बापूस पन तीन वरसा मुकाच व्हता."
डॉक्टर ढवळीकर म्हणाल्या,
"त्यामुळे असेल, नसेलही. अजून सांगता येत नाही.
म्हणून तर बोलावतो."
चांगली बाई आहे. खोटं बोलत नाही.
कधी कधी वाटतं, थोडं बोलली असती.

कारण ती जिन्यावर अडखळली की मला तो रकाना दिसतो.
ताप आला की रकाना.
डाळीतली मिरची वेचून बाजूला ठेवते, नीट, ओळीनं,
तेव्हासुद्धा.
चार वर्षांचं कुठलं पोर अडखळत नाही?
हे मला माहीत आहे.
माहीत असून काय होतं.

बाकावर कामोठ्याची मेहरून.
तिचा अर्शद एकोणतिसाव्या आठवड्यातला,
डाव्या पायाला पट्ट्यांचा बूट.
"आमच्यातही होय," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती,
जसं कुणी विचारावं, तुम्हीपण त्याच गावच्या का?
आज अर्शदनं तीर्थाची चप्पल पळवली.
तो बूट टाइल्सवर टक टक टक,
मागे ही, एका पायात चप्पल.
मेहरून उठली नाही, मीही नाही.
दोघींचं हसणं एकदम सुरू झालं नि एकदम थांबलं.

आत ठोकळे. दहा ठेवायचे एकावर एक.
तीर्थानं नऊ ठेवले.
दहावा मुठीत धरून म्हणाली, "हा घरी."
ढवळीकर बाईंनी लिहिलं: नऊ.
मग पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं,
आणि नऊच्या पुढे बारीक अक्षरांत काहीतरी, मला न दिसेल असं.
"वयानुसार ठीक आहे. पुढची तारीख सतरा."

दिवाळ्याच्या फाट्यावर उतरलो.
ओटीची वेळ. जेट्टीकडून वारा.
तीर्थानं नाक मुरडलं, "ईऽऽ, वास!"
मला काही आलं नव्हतं.
मला अजून निम्मंच येतं, तेही उशिरा.
"कसला गं?" मी खाली बसले, तिच्या उंचीला.
"सांग ना. नीट सांग."
तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं, मग वाऱ्याकडे,
आणि विचार करून म्हणाली,
"आजीच्या डब्यासारखा. पण ओला."