नव्व्याण्णवांचा प्रश्न

पहिल्या वर्षी त्रेसष्ट मुलं यायची.
त्यातली साठ खिरीसाठी, हे मला ठाऊक होतं,
आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.
मक्याच्या पिठाची पातळ खीर, हिरव्या मगांतून.
आधी प्रार्थना, मग खीर.
आमेन इतकं जोरात यायचं
की बाओबाबवरचे बगळे उडायचे.

मग ब्लँटायरहून येणारी पोती थांबली.
का, ते कुणी कळवलं नाही.
पुढच्या रविवारी मी चटया अंथरल्या,
आली चार मुलं.
त्यातलं एक झोपलेलं.

पाळक म्हणाले, "फायनेसी, पावसापर्यंत थांब, मग बघू."
पाऊस आला. शिरे नदी रात्रीत गावात शिरली.
मातीच्या भिंतीवर मी चुन्यानं काढली होती
सहा दिवसांची सृष्टी;
चौथ्या दिवसापासून पुढची विरघळून गेली.
झाडं राहिली.
सूर्य, मासे, माणूस, सगळे वाहून गेले.
मी गुडघाभर गाळात उभी राहून
देवाला काहीच म्हणाले नाही.
प्रार्थना म्हणायची तर तीच.

मसाउको शेळ्या घेऊनच वर्गाला यायचा.
मसाउको म्हणजे छळ.
आईनं त्याच्या वेळी फार सोसलं, म्हणून हे नाव.
शंभर मेंढरांची गोष्ट मी शेळ्यांची करून सांगितली,
कारण आमच्याकडे मेंढरू कुणी पाहिलेलं नाही.
एक हरवली. गुराखी तिला शोधायला निघाला.
मसाउकोनं हात वर केला:
"आणि नव्व्याण्णव? त्या कुणाकडे दिल्या?"
रानातच होत्या, मी म्हणाले.
"मग तो गुराखी शहाणा नव्हता.
तरस मोजत बसत नाही."
मुलं हसली, मीही हसले.
रात्री मात्र हसू आलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी दुसऱ्या गोष्टी सांगितल्या,
होडीच्या, विहिरीच्या, पाच भाकरींच्या.
तो शेवटपर्यंत ऐकायचा, मग हात वर:
"आणि त्या नव्व्याण्णव?"

एस्नाट यायची थांबली, तेव्हा वर्गात दहा उरले होते.
तिला एक अख्खं स्तोत्र पाठ होतं.
बाप ऊसमळ्यावर गेला, घर उचलून नदीपलीकडे.
एका रविवारी गोष्ट अर्धी टाकून मी उठले.
"आलेच," म्हणाले, आणि सायकल काढली.
चेन दोनदा निसटली.
होडीवाल्यानं सायकलचे वेगळे पैसे घेतले.

एस्नाट हरवलेली नव्हती.
पाठीवर भाऊ बांधून उसाचं पाचट ओढत होती.
आपण कुठे आहोत हे तिला नीट माहीत होतं;
रस्ता विचारत फिरत होते ती मीच.
ती आली नाही, येणं शक्यही नव्हतं.
हात न थांबवता तिनं स्तोत्र म्हणून दाखवलं,
मधल्या दोन ओळी गाळून.
मी दुरुस्त केलं नाही.

परतेपर्यंत अंधारलं.
वाटलं, सगळे केव्हाच पांगले असतील.
बाओबाबखाली काठी घेऊन मसाउको उभा,
शेळ्यांच्या कडेत सात मुलं बसलेली,
भुकेली, चिडलेली.
"दोघं पळाले," तो म्हणाला,
"पण दारापर्यंत सोडून आलो. बाकीचे मोजून घे."
मी मोजले.
हजेरीची वही एका शेळीनं फेब्रुवारीपर्यंत खाल्ली होती.

आता नवी वही आहे.
एस्नाटचं नाव पहिलं लिहिते,
पुढचा रकाना कोरा सोडते.
तिसऱ्या रविवारी सायकल नदीकडे वळते,
आणि मागे कुणीतरी काठी घेऊन उभं राहतं.
खीर अजून आलेली नाही.

परवा मसाउकोनं पुन्हा हात वर केला.
मी म्हटलं, आता काय राहिलं?
"तो गुराखी," त्यानं विचारलं,
"दिवसभर शोधत होता ना? मग जेवला कधी?"
बघून सांगते, म्हणाले.
तेवढ्यात बोकडानं चटई ओढली.