दिसण्याची खात्री नाही

रुवीत, दुसऱ्या मजल्यावर,
एसीच्या गळतीखाली ठेवलेल्या आईस्क्रीमच्या डब्याशेजारी
माझं टेबल.
काचेवरचा जिराफ मस्कतच्या उन्हाने
मानेपर्यंत फिका पडलाय,
पाय मात्र अजून तांबूस, नवेकोरे.

मी युगांडा विकते.
पाच रात्री सहा दिवस, चिंपांझींचं परमिट वेगळं,
नाश्ता धरून, पिवळ्या तापाची लस न धरता.
अंजिराच्या झाडावर दुपारी पसरलेले सिंह,
कालव्यात पाणघोडे, त्यांच्या पाठीवर बगळे,
सगळं पाढ्यांसारखं तोंडपाठ.
पाहिलेलं काहीच नाही.

"सिंह नक्की दिसेल ना?" गिऱ्हाईक विचारतं.
मी सातव्या कलमाखाली पेनाने रेघ मारते:
दिसण्याची खात्री नाही.

खाली जिन्यापाशी वॉचमन, बालुकू.
पहिल्या दिवशी मला बाळूच ऐकू आलं
आणि तोंडातून निघून गेलं, "कुठचा रे बाळू तू?"
चक्क मराठीत.
तो म्हणाला, "कासेसे."
म्हणजे प्रश्न पोचला होता.

एका संध्याकाळी कुरियर घेऊन वर आला,
माहितीपत्रकातल्या लॉजच्या फोटोवर बोट ठेवलं,
पोहण्याच्या निळ्या तलावामागे, जरा डावीकडे.
"आमचं घर."
मी स्क्रीनवर फोटो मोठा केला. आणखी मोठा.
घराच्या जागी हिरवे चौकोन आले,
मग एकच हिरवा चौकोन.
"हेच," तो म्हणाला. "मागे आईचा मका."
मग त्याने भाव विचारला, एका रात्रीचा.
मी सांगितला.
त्याने पगाराचं एक बोट उघडलं,
दुसरं अर्धं उघडून तसंच ठेवलं, आणि हसला.
"आमच्याकडे हत्ती फुकट येतात."

मक्याच्या दिवसांत आई माचाणावर झोपते,
उशाला तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी.
मला डबा कळला. काठीही कळली.

मीही सांगितलं मग.
आमचं गाव ताडोब्याला लागून.
काकू मोहफुलं वेचायला गेली होती पहाटे,
नऊच्या सुमाराला टोपली सापडली,
फुलं तशीच, दवाने ओली.
माझा भाऊ आता त्याच रानात जिप्सी चालवतो,
पुण्याच्या लोकांना "तो" दाखवतो.
रात्री नाव घेत नाहीत आमच्याकडे.
"आमच्याकडेही," बालुकू म्हणाला,
आणि कुरियरच्या पावतीवर माझी सही घेतली.

जुलैत दातांचे डॉक्टर केळुसकर परत आले,
सहकुटुंब, खाकी टोप्यांसकट, चिडलेले.
तीन दिवस त्याच झाडाखाली गाडी उभी केली म्हणे,
डिझेल जाळलं, पोरं रडली.
पैसे परत हवेत.
तक्रारीच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं:
झाड रिकामं होतं.

जाता जाता जिन्यात मी बालुकूला ते वाचून दाखवलं,
म्हटलं हसेल.
तो हसला नाही.
"कुठलं झाड?"
मी सांगितलं. लॉजच्या वरचं, वळणावरचं.
"तीन दिवस?"
"तीन दिवस."

त्याने फोन काढला.
त्याच्या भाषेतलं मला अक्षरही कळत नाही,
पण कुणीतरी पलीकडे शेळ्या मोजत होतं,
आणि त्या मोजून होईस्तोवर
तो कठड्याला धरून उभा होता.
मग कुणाचं तरी नाव विचारलं. मग आणखी एक नाव.
मग पायरीवर बसला
आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

वर येऊन मी अर्जावर शिक्का मारला, नामंजूर,
सातवं कलम.
डब्यातलं पाणी ओतून आले.
भावाला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती.
"आज दिसला का रे?"
"नाही गं. चार दिवस झाले. पर्यटक लई वैतागलेत."
मागे आई भांडी घासत होती, ऐकू येत होतं.
मी म्हटलं, "मग कुठे आहे?"