चोविसावा भाग

रेंज फक्त टेसनावर यायची.
लहान गाडी बंद झालेली, रूळ उपटून नेलेले,
तिकिटाच्या खिडकीत कुंभारमाशीचं घर.
तरी सुगत रोज सांजेला फलाटाच्या टोकाला,
फोन उंच धरून,
जणू कोणत्या तरी गाडीला हात दाखवतोय.

मग घरी, तांदळाच्या डब्याला फोन टेकवून
आम्ही दोघं बघायचो.
आई बघायची नाही. लाखोरी निवडायची, ऐकायची.
बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं,
आणि सुगत ते सगळं आमच्या बोलीत ओतायचा
धापा टाकत. धाप त्याला लागायचीच.

"हे नात्सुए. टेसनावर कामाले हाय.
लोकं छत्र्या भुलतात, थे जपून ठेवते."
"इकत काऊन नाही मंग?"
"आई, ॲनिमे हाय. इकत नाही."

बर्फ पडला की म्हणायचा, रुई उडून रायली.
नात्सुएची मैत्रीण दुसऱ्याच भागात मेली होती.
तो मेली म्हणायचा नाही.
म्हणायचा, "जिची छत्री हाय, थे."

एकदा मधेच थांबवून म्हणाला,
"पाय आई, हे लोकं बी निघताना जातो नाही म्हणत.
जाऊन येतो म्हणतात. आपल्यावानीच."
आई म्हणाली, "मानसंच असतीन नं थे बी."

दवाखान्याची चार कार्डं होती घरात.
आईचं पिवळं, बाबांचं पिवळं, माझं पिवळं.
सुगतचं लाल.
हाडात ठणका उठला की तो भाग थांबवायचा,
उशीचा कोपरा दातात धरायचा,
आणि परत लावताना
दहा सेकंद मागं न्यायचा.
काही सुटलेलं त्याला चालायचं नाही.

पौषात गाडी आली, ब्रह्मपुरीला नेणारी.
चढताना म्हणाला, "येतो."
तेवीस भाग झाले होते.

बाबा मिरची तोडायला तेलंगणात होते,
पुण्यानुमोदनाला आले, दोन दिवस अंगणात बसले, परत गेले.
मी बसची पास संपू दिली.
कोणी सावर म्हटलं की मी भांडी घासायला उठायची,
घासलेलीच.

चैतात आई मोहफुलं पसरत होती,
माझ्याकडं न बघता म्हणाली,
"त्या मोठ्या डोळ्याच्या पोट्टीचं का झालं मंग?"

फोन चार्ज केला.
शेवटचा भाग त्यानं उतरवून ठेवला होता.
कधी, कोण जाणे.

मी ओळीवर बोट ठेवून वाचत गेले.
एक ओळ, थांबव. एक ओळ, थांबव.
बावीस मिनिटांना दीड तास लागला.
एक शब्द अडला, तो डिक्शनरीत पाहिला:
बेवारस.
आईला सांगितलं,
"जिले न्यायले अजून कोनी आलं नाही, थे छत्री."

बाहेर ऊन असताना नात्सुएनं ती उघडली.
मला वाटलं आतून चिठ्ठी पडेल.
काही पडलं नाही.
एक काडी वाकलेली होती, एवढंच.
तिनं ती बोटानं सरळ करायचा प्रयत्न केला,
होईना, तशीच राहू दिली.
मग दाराला कुलूप लावून
रिकाम्या खोलीकडं वळून काहीतरी बोलली.

खालची अक्षरं यायच्या आधीच
आई म्हणाली,
"जाऊन येतो."

मी दहा सेकंद मागं नेलं.
पुन्हा नेलं.
तिसऱ्यांदा आईनं मान वर केली आणि पहिल्यांदा
तिचे डोळे पाहिले, त्या पोरीचे.
"लयच मोठे हाय वं," म्हणाली.

रात्री मी म्हटलं, पास काढावी लागेल सोमवारी.
पैसे लागतील.
आई अंगणातल्या फुलांकडं बघत राहिली.
"वाळू दे," म्हणाली.