येणे बाकी

परभणीला सचखंड थोडाच वेळ थांबते.
तेवढ्यात चार माणसं, तीन काळ्या पेट्या, एक होल्डॉल
आम्ही खाली उतरवतो. सराव आहे.
पेट्यांवर यांचं नाव, नंबर, पलटण पांढऱ्या रंगात,
आणि खाली खोडलेल्या गावांचे थर:
बबिना, तेजपूर, फिरोजपूर.
आता दार-ए-सलाम लिहायचं.
ब्रश माझ्याकडे असतो, अक्षर माझं बरं म्हणून.

जिंतूरला आईनं नाव तीनदा विचारलं,
चौथ्यांदा स्वतःच ठरवलं: दारासलाम.
"म्हंजी दाराला सलाम करून जायचं का गं?"
हे म्हणाले, तिथलं घड्याळ अडीच तास मागं असतं.
आईनं भिंतीकडं बघितलं, हिशेब केला,
"माझी भांडी होईस्तोवर तुम्ही अंथरुणातच तर,"
आणि येसराचा डबा पिशवीत खुपसला.

गंगाखेडला ताईनं शेंगांची चटणी.
अहमदपूरला मावशीनं दहा किलो ज्वारीचं पीठ,
चाळून, दोन कॅरीबॅगांत, वरून सुतळी.
दुपारी एका घरी, रात्री दुसऱ्या,
नऊ ओट्या, नऊ नारळ,
सहा घरी "आता तीन वर्षं दिसणार न्हाईत"
आणि लगेच, "च्या ठेवू का?"

मावशीच्या शेजारणीनं नंदिनीला विचारलं,
"गाव कोन्तं गं बाय तुझं?"
पोरीनं बापाकडं बघितलं, मग एका दमात:
"मार्फत छप्पन ए.पी.ओ."
सगळे हसले. हेही हसले.
मला जरा वेळ लागला.
पत्ता तर बरोबर होता.

उदगीर शेवटी.
ते मुद्दाम शेवटी ठेवलंय, असं कुणी म्हणालं नाही.
थोरले आप्पा आणि हे साडेचार वर्षं
लग्नपत्रिकेपुरतेच भाऊ.
कारण एक सामाईक विहीर, तिच्यावरची एक मोटार.
पण विमानाला पिशवीमागं तेवीस किलो,
आणि सामान तोलावं असा काटा
ओळखीत एकच, मोंढ्यात, आप्पांच्या अडतीत.
"काट्यापुरतं जाऊ," हे म्हणाले. "पाच मिनिटं."

आप्पा गादीवरून उठले नाहीत.
"कुठं चाललाव म्हनं?"
"हाय कमिशनमध्ये. डिफेन्सच्या कचेरीत."
"किती टक्के?"
आधी हमाल हसला. मग आम्हाला हसता आलं.

मोठी पिशवी: एकतीस किलो सहाशे.
आप्पा उठले. चेन उघडली,
कोपरापर्यंत हात घातला,
तुरीच्या पोत्यातून नमुना काढतात तसा,
आणि पीठ बाहेर आलं.
"हे कशाला नेतूस? ज्वारी तिकडचीच हाय.
कवाच्या काळी तिकडूनच आली आपल्याकडं,
शेतीचा सायेब सांगत हुता मीटिंगीत.
तिलाच माहेरी घालवायला निघालास व्हय?"
एवढं लांब बोलणं यांच्या वाट्याला
किती दिवसांनी आलं होतं.
हे म्हणाले, "बरं."

एकवीस सहाशे.
जागा उरली होती. तिच्यात काय घालावं
कुणाला सुचेना.

मग आप्पांनी बसूला उचलून काट्यावर ठेवलं.
एकोणीस चारशे.
नंदिनी सत्तावीस. "बूट काढ आधी, खोटं वजन नको."
यांना उभं केलं. मलाही.
पदर सावरून मी उभी राहिले
हरभऱ्याच्या थप्पीशेजारी,
काटा थरथरला, थांबला.
लाल वहीत नवं पान.
चार नावं, चार आकडे, आजची तारीख,
पुढं तीन वर्षांची मुदत,
आणि वर, घाईच्या अक्षरात,
येणे बाकी.

पाच मिनिटांसाठी गेलो होतो.
रात्री जाऊबाईंनी त्याच पिठाच्या भाकरी थापल्या.
बसूनं अर्धी टाकली,
ती आप्पांनी उचलून खाल्ली.
विहिरीचं कुणी काढलं नाही.