बंद करू नका

एप्रिलात दुपारी दीडला
कन्ना चौकातलं डांबर चप्पल सोडत नाही,
तेव्हा यल्लादास गड्डम उघडा लॅपटॉप
दोन्ही हातांवर आडवा घेऊन चालत आले.
वर टॉवेल टाकलेला, पिवळ्या काठाचा, घरच्याच मागावरचा,
आणि टॉवेलाखालून एक बाई ओरडत होती:
धोका. धोका. आपला संगणक बंद करू नका.

मिटला असता तर बगलेत मावला असता.
पण मिटायचा नाही असं लिहिलं होतं
लाल अक्षरांत, मोडक्या मराठीत.
रिक्षावाला आवाज ऐकून पुढं गेला म्हणाले,
म्हणून भद्रावती पेठेपासून इथवर
तापलेलं पोर दवाखान्यात न्यावं तसे
सावली धरून धरून आले.

"बघा की ओ. तीन व्हायरस हायेत म्हणतंय.
नातीचं डिझाईन हाय आत. चादरीचं. मोराचं."

पाणी दिलं, टॉवेल काढला.
खिडकीवर खिडकी, तिच्यावर आणखी एक,
कोपऱ्यातली फुलीसुद्धा नुसती रंगवलेली,
खाली फोन नंबर, आरतीच्या दिव्यासारखा लुकलुकणारा.
मी बटण दाबून धरलं.
एक, दोन, तीन, चार,
पाचाला बाई वाक्याच्या मध्येच गेली.

पंखा ऐकू यायला लागला.

"मेलं का?"
"नाही काका. चालू करतो परत.
हे आपल्या मशीनमधलं नव्हतंच.
रस्त्यावरच्या कुणी खिडकीत तोंड घालून
तुमच्या घरात साप शिरलाय म्हणावं, तसं."

मोर जागेवर होता.
एक पीस हललं नव्हतं.

यल्लादास बराच वेळ मोराकडं बघत राहिले.
मग बोलले ते मोराचं नव्हतं.
"तीस वर्षं जॉबर होतो मी गिरणीत.
ताण्याचा धागा तुटला की पत्ती पडते, माग थांबतो.
गप थांबतो.
आपण जायचं, वाकायचं, टोक शोधायचं, गाठ मारायची.
एक माग कधी माझ्यावर वरडला नाही.
खरं बिघडलेलं मशीन एवढं बोलतंय व्हय?
मला कळायला पाहिजे होतं."

"त्या नंबरवर फोन केला होता का?"
"न्हाई."

चष्मा काढताना खिशातून कागद पडला,
शेंगाचटणीच्या पुडीचा, तेलाचा डाग असलेला.
त्यावर सोळा आकडे, चार-चार करून,
बाजूला तीन, आणि त्या तिनांभोवती गोल.

उचलला, घडी घातली, त्यांच्यापुढं ठेवला.
आधी बँकेला सांगून कार्ड बंद केलं,
मग एकोणीसशे तीस लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"किती?"
"आठ हजार." मग हळूच, "नातीला सांगू नका."

लाईन लागेपर्यंत एकच गाणं फिरत होतं.
ते ऐकत, माझ्याकडं न बघता म्हणाले,
"पोरगा होता ओ. वीस-बावीसचा. सर, सर, करत होता.
त्याच्या मागं आवाज होते, पन्नास-साठ तरी,
सगळे एकदम बोलायलेत, एकावर एक.
खातं होतं ते. पाळी चालू होती.
मधीच हा पोरगा अडखळला, गप बसला जरासा,
तर कुणीतरी धावत आलं त्याच्याजवळ, खेकसलं,
आणि परत चालू झाला."

बोटं कागदावर गाठ मारल्यासारखी हलली.
"मी पण तसाच धावायचो."

तिकडून कुणी नमस्कार म्हणालं.
यल्लादास खुर्चीत ताठ झाले,
नाव सांगितलं, आणि सवयीनं
बंद पडलेल्या गिरणीतला तिकीट नंबरही.

जाताना टॉवेल डोक्यावर घेतला.
लॅपटॉप स्वतःच्या हातानं मिटला.
मिटण्याआधी एकदा माझ्याकडं बघितलं.